चिनीमातीवाल्यांची सायडिंग

दहावीच्या परीक्षेआधी शाळेतल्या बाकांवर बैठक क्रमांक घालायचं काम आमच्या कार्यालयाकडे असतं. शिपाई खडूने आकडे घालत पुढे जातात आणि मी हातात यादी घेऊन मागून तपासत येते. मुख्य लिपिक झाल्यापासून हे काम मी दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. यंदा तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या एका बाकापाशी पाय थांबले. काळपट लाकूड, त्यावर पांढऱ्या खडूचा लांब आकडा, आणि आकड्याच्या शेजारी बाहेरच्या सोनमोहराची एक चुरगळलेली पिवळी पाकळी. गेल्या वर्षीचा मार्च एकदम अंगावर आला. पुढचे चार बाक मी न बघताच ओलांडले. मग मागे फिरून तेही तपासले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या मालखात्यात कारकून होते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत रुळांच्या कडेने कारखानेच कारखाने होते, तेव्हाची गोष्ट. मुख्य मार्गातून एक फाटा फुटायचा, भिंतीतल्या फाटकातून थेट कारखान्याच्या आवारात शिरायचा आणि गोदामाच्या दाराशी जाऊन संपायचा. त्याला सायडिंग म्हणायचं. आत कुठली वॅगन उभी आहे, भरली की रिकामी, कुठून आली, कुठे जाणार, हे चालत जाऊन टिपून आणायचं काम अण्णांचं. डाव्या हातावर वही, कानामागे पेन्सिल, खिशात खडू. वॅगन भरून झाली की दाराला शिशाचं सील लावायचे आणि दारावर खडूने ठिकाण लिहायचे. संध्याकाळी घरी आले की उजव्या हाताची बोटं पांढरी असायची. आई आधी त्यांना हात धुवायला पाठवायची, मग चहा द्यायची.

कंपन्यांची नावं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत. त्यांच्यासाठी सगळे मालावरून ओळखीचे. बिस्किटवाले, रंगवाले, पंपवाले, औषधवाले, चिनीमातीवाले. आमच्या घरातले सगळे कप चिनीमातीवाल्यांकडचे होते. एकाचा कान तिरका, एकाच्या बुडाला फोड, एकावर निळी रेघ अर्ध्यात सुटलेली. कारखान्यातून बाद झालेले कप हमालांना मिळायचे आणि त्यातले काही आमच्याकडे यायचे. पाहुण्यांसमोर आई त्यातल्या त्यात सरळ दोन शोधायची.

माझी दहावी मालधक्क्यावर झाली, असं म्हणायला हरकत नाही. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. मार्च आला की अण्णा दुपारी मला बरोबर न्यायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांच्या थप्पीआड एका खोक्यावर बसवायचे. गुळाचा, तागाचा, सिमेंटचा वास. पत्रा तापून कडकड वाजायचा. बाहेर कुठेतरी वॅगनला वॅगन भिडायची, आणि तो आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा. मी भूमितीची प्रमेयं पाठ करायचे. मुकादम तावडे येता-जाता विचारायचे, "काय गो, पास होतलंस मां?" तावडे मालवणकडचे. चिनीमातीवाल्यांकडच्या भरणाऱ्या हमालांची टोळी त्यांची होती. पेंढ्यात कप रचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अण्णा सांगायचे, तावड्यांनी भरलेल्या वॅगनमधून फुटल्याची तक्रार यायची नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत अण्णांना वर्तमानपत्रातल्या ओळी मधूनच तुटलेल्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. इंजेक्शनं सुरू केली, पण मला बाजूला घेऊन स्पष्ट बोलले. नजरेचा मधला भाग जाईल, कडेकडेचं थोडं राहील. किती दिवसांत? सांगता येत नाही, महिने धरा. अण्णांचं वय ब्याऐंशी. मी घरी येऊन औषधांच्या वेळांचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. मला दुसरं काय येतं?

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा जेवताना अण्णा म्हणाले, "शुभा, दिसतंय तोवर सायडिंगा एकदा बघून घेऊ या म्हणतो."

"आता कुठे आहेत सायडिंगा, अण्णा? सगळीकडे टॉवर झाले."

"काही ना काही राहिलं असेल. आधी चिनीमातीवाल्यांकडे जाऊ."

मी वही काढली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बारा जागा निघाल्या. मग मी त्या क्रमाने लावल्या. आम्ही घाटकोपरला राहतो, म्हणून घाटकोपरपासून सुरुवात, मग विक्रोळी, कांजूर, भांडुप, शेवटी मुलुंड. शाळेत परीक्षेची धावपळ, म्हणून फक्त रविवार. एका रविवारी तीन जागा, चार रविवारांत काम पूर्ण. रिक्षाचे उलटसुलट फेरे नाहीत, उन्हात पायपीट नाही. चिनीमातीवाले मुलुंडच्या पलीकडच्या टोकाला, त्यामुळे ते बाराव्या क्रमांकावर गेले.

अण्णा यादी डोळ्यांजवळ धरून, मान जरा तिरकी करून वाचत होते. "हे शेवटी?"

"वाटेवर शेवटी येतं ना ते. सगळं होईल, अण्णा. चारच तर रविवार."

"बरं," ते म्हणाले. यादीवर त्यांचा विश्वास होता. जन्म यादीत गेलेला माणूस.

पहिला रविवार छान गेला. मला वाटलं होतं, नुसते टॉवर बघून परत येऊ. पण अण्णा एखादा डॉक्टर पोट दाबून सांगतो तसे जागा दाबून दाबून सांगत होते. घाटकोपरला एका सोसायटीची कुंपणभिंत उगाचच वाकडी होती, केळ्यासारखी. मी रोज तिथून जाते, मला कधी प्रश्न पडला नव्हता. "रूळ काटकोनात वळत नाही गं. सावकाश वळतो. रूळ गेले, वळण भिंतीत राहिलं." पुढे दुकानांची एक रांग रस्त्यापासून चांगली छातीभर उंच होती, पायऱ्या चढून जावं लागायचं. तिथे मोबाइलची कव्हरं आणि नाइट ड्रेस विकायला होते. "हा पंपवाल्यांचा फलाट. वॅगनच्या दाराच्या उंचीचा." एका जागी काहीच नव्हतं, पण बसथांब्याला अजून त्या कारखान्याचं नाव होतं. तिथे उतरणाऱ्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीलाही तो कारखाना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

मी प्रत्येक जागेपुढे खूण करत होते. मिळाली, नाही मिळाली, काय दिसलं. खूण झाली की "चला अण्णा, पुढची" म्हणायचे.

"तुझ्या यादीला पाय असते तर मला घरीच ठेवून गेली असती," अण्णा म्हणाले. रिक्षावाला खो खो हसला. मीही हसले, आणि घड्याळ बघितलं.

आता वाटतं, त्या वाकड्या भिंतीपाशी आणखी अर्धा तास थांबायला हवं होतं. शेजारी रसवंती होती, सावली होती. अण्णांनी काठीच्या टोकाने हवेत एक लांब कमान काढली होती, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि शेवटी काठी जमिनीवर टेकवून "वॅगन इथे थांबायची" म्हणाले होते. त्या दिवशी त्यांना भिंत दिसत होती, कमान दिसत होती, माझा चेहरा दिसत होता.

तिसरा रविवार भांडुपचा. ऊन चढलेलं. रंगवाल्यांच्या जागेवर आता मोठा मॉल आहे. मागच्या बाजूला, जिथे सामानाचे टेम्पो येतात, तिथे सायडिंग शिरायची असं अण्णांनी सांगितलं. आम्ही तिथे उभे राहिलो. नुसतं डांबर. अण्णा मान या बाजूला, त्या बाजूला करत होते, कडेच्या नजरेतून काही पकडता येतंय का बघत होते. घाम कानावरून ओघळत होता. चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"काही दिसतंय का गं?"

"हो अण्णा," मी म्हणाले. "थोडे रूळ आहेत. डांबरातून वर आलेत."

"आहेत?"

"आहेत ना. हे काय."

"लिही मग," ते म्हणाले. मी लिहिलं. रूळ दिसले. खूण केली. चोवीस वर्षं कार्यालयात आहे, खोटी नोंद तोवर केली नव्हती. परत फिरताना अण्णा जरा रेंगाळले, चप्पल घासत घासत चालले. मला वाटलं, दमले.

चौथ्या रविवारी मी गेले नाही. बैठक व्यवस्थेत घोळ झाला होता, एका वर्गाचे क्रमांक दोनदा पडले होते, आणि ते सोमवारच्या आत निस्तरायचं होतं. "पुढच्या रविवारी नक्की," मी अण्णांना सांगितलं. पुढच्या रविवारी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला येणाऱ्या शिक्षिका आजारी पडल्या आणि तिथेही मीच. मधल्या दिवसांत एकदा संध्याकाळी घरी आले तर अण्णा टेबलावर हात फिरवून चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या समोर होता, अगदी समोर. तिथेच तर दिसत नव्हतं.

मुलुंडला गेलो तो एप्रिलचा पहिला रविवार. आधीच्या दोन जागांवर काही राहिलं नव्हतं. रिक्षात मीच बोलत होते, आग्रा रोड आला, चेकनाका जवळ आला, वगैरे. त्या रस्त्याचं नाव बदलून जमाना झाला, पण अण्णांशी बोलताना माझ्याही तोंडी आग्रा रोडच येतो. रुळांच्या भिंतीकडे जाणाऱ्या गल्लीत उतरलो. टॉवरचं मोठं फाटक, त्याच्या बगलेतून नाला, नाल्याच्या कडेने जाळीचं कुंपण. मी जाळीतून आत बघितलं.

रूळ होते.

खरेखुरे. गवतातून दोन तांबूस रेघा, खाली लाकडी स्लीपर, काही कुजलेले, काही शाबूत. रूळ जिथे संपायचे तिथे आडवा लोखंडी अडसर, त्यावर पांढऱ्या-लाल रंगाचे पोपडे. अडसराच्या मधून पिंपळ उगवलेला. सगळ्या बारा जागांमध्ये एवढ्या एकाच ठिकाणी सायडिंग जशीच्या तशी राहिली होती. बिल्डरचं त्या कोपऱ्यात काम काढायचं राहून गेलं असणार, बाकी काही नाही.

"अण्णा! रूळ आहेत! अख्खे आहेत!"

अण्णांनी चेहरा जाळीकडे केला. मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. "हिरवं दिसतंय काहीतरी," ते म्हणाले.

"गवत आहे. गवतात रूळ आहेत. अकरा स्लीपर दिसतायत. शेवटी डेड एंडसुद्धा आहे."

ते हसले. लहान मुलाकडे बघून हसावं तसं. "पुरे गं. ऊन आहे. चल."

मी फाटकावरच्या वॉचमनकडे गेले. पाच मिनिटं आत सोडा, वडील रेल्वेत होते, हात लावून येऊ दे. तो बिचारा चांगला होता, पण ऐकेना. "मॅडम, अंदर परमिशन नहीं. मेरी नौकरी जाएगी." मग मी म्हटलं, निदान यांना सांगा, तिथे पटरी आहे ना? तो अण्णांजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "हां अंकल, है ना पटरी! पुरानी वाली!"

"यालाही पढवून ठेवलंस?" अण्णा मला म्हणाले.

मला रडूच आलं. मी खाली वाकले, कुंपणाच्या बाहेर मातीत काही मिळतंय का बघितलं. पांढऱ्या तुकड्यांचा खच होता. एक उचलला, पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. कपाच्या कानाचा तुकडा, गुळगुळीत, एका बाजूने खरखरीत. अण्णांनी तो अंगठ्याने फिरवून फिरवून बघितला.

"हे त्यांचंच," ते म्हणाले. "जागा बरोबर आहे. रूळ मात्र तू घातलेस."

"मी का खोटं बोलेन, अण्णा?"

"भांडुपला बोललीस. मी पायाने चाचपून बघितलं होतं. डांबर सपाट होतं."

नाल्याच्या कठड्यावर रुमाल पसरून त्यांना बसवलं. तुकडा हातातच होता. जरा वेळाने ते आपणहून बोलायला लागले.

"शेवटची वॅगन इथून मी काढली. सायडिंग बंद करावी असं कंपनीचं पत्र आदल्या दिवशीच माझ्या टेबलावर आलं होतं. तावड्यांना माहीत नव्हतं. सील लावून झालं, तसं विचारलं त्यांनी, 'बाबूनू, आता गाडी कधी येतली?' दहा-बारा जण उभे होते, डबे घेऊन. माझ्याने सांगवेना. मी म्हणालो, 'सोमवारी.'"

"मग?"

"सोमवारी आले सगळे मालधक्क्यावर. 'बाबूनू, गाडी खंय आसा?' तेव्हा सांगितलं. कुर्ल्याला दुसऱ्या टोळीत त्यांना जागा मिळत होती. शनिवारपर्यंत हो म्हणायचं होतं. माझ्या शब्दावर थांबले, ती जागा गेली. मला एक शब्द बोलले नाहीत तावडे. 'बरां' म्हणाले नि डबा उचलून गेले. पुढे गावी गेल्याचं कळलं. मी परत या बाजूला पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या बाबूला पाठवायचो." अण्णांनी तुकडा खिशात टाकला. "म्हटलं, डोळे आहेत तोवर एकदा बघून घ्यावं, कुठे उभा राहून बोललो ते. आणि तुला सांगतो शुभा, खोटं मला लगेच कळतं. भांडुपला तू 'आहेत ना' म्हणालीस, तो आवाज माझाच होता."

परत येताना रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले होते. चिनीमातीवाल्यांकडे आधी गेलो असतो तर काय झालं असतं? रिक्षाचे दोन फेरे वाढले असते. बस, एवढंच. यादीतला क्रम मी सोयीने लावला होता. कुणाच्या सोयीने, हा प्रश्न त्या दिवसापर्यंत मला पडला नव्हता.

मी तिथल्या बिल्डरच्या कार्यालयात अर्ज दिला. दहा मिनिटं आत जाऊ द्या, वडिलांना रुळाला हात लावायचा आहे. फोन केले. साहेब साइटवर नाहीत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, मेल करा. मेल केले. दिवाळीनंतर एका शनिवारी मी एकटीच जाऊन आले. कुंपणाच्या आत पेव्हर ब्लॉक बसवले होते, त्यावर ओळीने कुंड्या. पिंपळही नव्हता. फाटकावर वॉचमन दुसरा होता, त्याला पटरीबद्दल काही ठाऊक नव्हतं. घरी येऊन मी अण्णांना काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. वर्षभरात ते सायडिंगांबद्दल बोललेच नाहीत. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, दारात कुणी आलं तर कडेला काहीतरी हललेलं कळतं.

यंदा बैठक क्रमांक तपासून मी उशिरा घरी आले. अण्णा खिडकीशी बसले होते. खालच्या बाकावर सोसायटीतली मुलं मोठमोठ्याने इतिहासाची उत्तरं पाठ करत होती. मी चहा ठेवला, कप त्यांच्या हातात नीट दिला, बोटांभोवती बोटं धरून.

"तुझ्या हाताला खडू आहे," अण्णा म्हणाले.

"बाकांचे आकडे होते आज."

त्यांनी चहा प्यायला. मुलांचा आवाज ऐकत राहिले. मग कप खाली ठेवायला जागा चाचपत म्हणाले, "ते मुलुंडचे रूळ, शुभा. खरंच होते का गं?"

"होते, अण्णा."

"आणि आता?"

आहेत, म्हणायला काहीच लागलं नसतं. तिथे त्यांना कुणी नेणार नव्हतं, बघून कुणी सांगणार नव्हतं. माझ्या तोंडाशी तो शब्द आलाही होता.

"नाहीत," मी म्हणाले. "काढले. दिवाळीनंतर मी जाऊन बघून आले. पेव्हर ब्लॉक घातलेत. खालची खडीसुद्धा राहिली नाही."

खाली एक मुलगा एकाच उत्तरावर तीनदा अडखळला आणि बाकीचे हसले.

"नाहीत म्हणतेस," शेवटी अण्णा म्हणाले. "म्हणजे होते."

त्यांनी चेहरा माझ्याकडे केला, नेमका नाही, जरा बाजूला, तशी आता त्यांची सवय झाली आहे. "किती स्लीपर होते म्हणालीस?"

"अकरा. दिसत होते तेवढे."

"सांग," ते म्हणाले. "अलीकडून सुरू कर. सावकाश सांग."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि पहिल्या स्लीपरपासून सांगायला लागले.